सात नंबरची सकाळ

२ नोव्हेंबर

आज बाराव्या अॅम्ब्युलन्सलाही डबा बसला. हात काळे झालेत, कंबर धरलीय, पण काम झालं. डबा म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र. बॅटरीच्या दोन टर्मिनलना जोडून ठेवायचं. सेल्फ मारताना बॅटरी किती खाली कोसळते आणि किती वेळात सावरते, ते हा टिपतो. त्यावर आमच्या नणंदबाईंनी गणित बसवलंय. ही बॅटरी अजून किती दिवस साथ देईल, तो आकडा रोज सकाळी माझ्या फोनवर येणार.

साहेबांनी नव्वद दिवस दिलेत. "नव्वद दिवसांत काही फरक दिसला तर पुढे बघू. नाहीतर हे खेळणं काढून ठेवायचं," असं म्हणाले. खेळणं म्हणाले म्हणून मला राग आला, पण मी तोंड उघडलं नाही. नणंदेला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

पुढेमागे हात टेकायची वेळ आली तर उघडायला म्हणून कारणही लिहून ठेवते. सप्टेंबरात चार नंबरची गाडी एका घराच्या दारात बंद पडली. दम लागलेले एक म्हातारे मास्तर न्यायचे होते. घरात धूर जाऊ नये म्हणून ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, तसा नियमच आहे. वीस मिनिटं दिवे आणि आतली यंत्रं बॅटरीवर चालली. मास्तरांना आत घेऊन सेल्फ मारला, तर नुसतं टिक टिक. दुसरी गाडी पोचायला चाळीस मिनिटं लागली. मास्तर गेले. त्या सकाळी बॅटऱ्या मीच तपासल्या होत्या. चार नंबरपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'ठीक'.

तो शब्द मी आता लिहीत नाही.

६ नोव्हेंबर

फाटकाशेजारी फळा लावला. बारा गाड्या, पुढे प्रत्येकीच्या ड्रायव्हरचं नाव, त्यापुढे दिवसांचा आकडा. वीस दिवसांच्या खाली आलं की लाल ठिपका. लांबूनही दिसावा म्हणून ठिपका मी चांगला बशीएवढा काढते.

साहेबांना फळा फार आवडला. त्यांनी आपणहून एक नियम वाढवला. नव्या गाड्यांना ठिपका आला तर बॅटरी बदलायची. पण सात आणि दोन नंबर जुन्या आहेत, त्यांना आता नवी बॅटरी घालायची नाही. तीनदा ठिपका आला की गाडीच बाद, मागच्या कुंपणापाशी. मला बरं वाटलं. निदान फळ्याला कोणीतरी किंमत देतंय.

८ नोव्हेंबर

सात नंबरला पहिला लाल ठिपका. एकोणीस दिवस.

सात नंबर म्हणजे आबांची गाडी. आबा आमच्या आवारातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. मी इथे लागले तेव्हा बाकीचे "बाई काय बॅटरी उचलणार" म्हणून दात काढत होते. आबांनी मात्र मला बॉनेटपाशी उभं केलं आणि म्हणाले, "डोळे मीट आणि सेल्फचा आवाज ऐक. भरलेली बॅटरी बोलते, उतरलेली कण्हते." अकरा वर्षं झाली त्याला. त्यांना निवृत्त व्हायला आता अकरा महिने राहिलेत.

ठिपका काढताना ते मागेच उभे होते. बघितलं आणि म्हणाले, "गाडी बाद झाली की ड्रायव्हर कुठे जातो गं?"

मी म्हटलं, "राखीव. बाकावर बसायचं, कोणी रजेवर गेलं तर त्याची गाडी चालवायची. आराम आहे की आबा."

"आराम आहे," म्हणाले आणि गेले. नाकासमोर चालणारा माणूस, कुरकुर म्हणून नाही.

१९ नोव्हेंबर

सात नंबरचा आकडा वाढला! एकोणिसाचे आठ व्हायला हवे होते, तर एकतीस. रोज सकाळी बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, नव्या नवरीसारखी टवटवीत. बॅटरीचं वय कमी कसं होईल? ठिपका मी अजून पुसलेला नाही. नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "वहिनी, तारा उलट्या जोडल्या नाहीत ना तू?"

अकरा वर्षं तारा जोडतेय मी. तिला म्हटलं, तुझं गणित उलटं असेल. अर्धा तास भांडलो.

२४ नोव्हेंबर

थंडी वाढली. सकाळी सातला आवारात सगळ्यांच्या तोंडातून वाफा. बॅटऱ्यांची खरी परीक्षा आता.

आबांचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्यांच्या टर्मिनलवर कधी पांढरी बुरशी दिसत नाही, रोज घासलेली असतात. बाकीच्यांना सांगितलं, जरा आबांकडून शिका. ड्रायव्हर लोक एकमेकांकडे बघून हसले. आबा मात्र हसले नाहीत. दुसऱ्यांचं चांगलं बघवत नाही लोकांना.

त्यांच्या पँटवर गुडघ्याशी अॅसिडने पडलेली भोकं आहेत. म्हटलं, आबा, घासताना जपून. "हो हो," म्हणाले.

२ डिसेंबर

भाजीच्या दुकानात आबांच्या घरच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या साहेबांनी ड्यूटीची वेळ कधी बदलली? हल्ली हे पाचलाच घरातून निघतात. मला चहासुद्धा करू देत नाहीत."

वेळ तर कोणीच बदललेली नाही, सातचीच आहे. मी काकूंना म्हटलं, म्हातारपणी झोप कमी होते, माझ्या सासऱ्यांचंही तसंच झालं होतं. काकूंनी मान हलवली. आबांना चांगल्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं पाहिजे.

९ डिसेंबर

सात नंबर अजून मजेत. शनिवारी साहेब फळ्यापुढे उभे राहून चार माणसांत म्हणाले, "तुमच्या हिशेबाने ही गाडी मागच्या महिन्यातच मरायला हवी होती, ताई." लांडगा आला रे आला करणारी मीच ठरले.

काल रविवारी नणंद घरी आली. जेवणाच्या टेबलावर आलेख पसरून बसलो. बाकी अकरा बॅटऱ्यांच्या रेषा हळूहळू उतरतात, जिना उतरावा तशा. सात नंबरची रेषा दिवसभर उतरते आणि सकाळी पुन्हा वर उडी मारते. नणंद पेन चावत म्हणाली, "मधे काहीतरी होतंय."

"काय होणार? रात्रभर गाडी आवारात उभी असते."

"मग आपलं गणित जास्त कडक आहे. थोडं सैल करू या, म्हणजे सात नंबर त्यात बसेल."

मला पटत नव्हतं, पण साहेबांचं हसू डोळ्यापुढे होतं. सैल केलं. आज फळ्यावरचे दोन्ही लाल ठिपके पुसले गेले. सात नंबरचाही पुसला. आबांनी मला खिशातून गोळी काढून दिली, लहान मुलाला देतात तशी.

२१ डिसेंबर

दोन नंबर पेट्रोल पंपावर बंद पडली. आत रुग्ण नव्हता, नशीब. नऊ डिसेंबरच्या आधी तिच्यापुढे लाल ठिपका होता. मीच पुसला होता.

दिवसभर काही खाल्लं नाही. साहेबांनी बोलावून सांगितलं, "आणखी एक बंद पडली की डबे काढा. त्याच दिवशी." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२२ डिसेंबर

आज डोकं थंड आहे. अकरा बॅटऱ्या एक सांगतात आणि एक वेगळंच सांगते. मी त्या एकीची मर्जी राखायला अकराजणींवर अविश्वास दाखवला. सगळ्यांसमोर हसं झालं म्हणून केलं, दुसरं कारण नाही. मास्तरांच्या वेळी मला कळलं नव्हतं. या वेळी कळत होतं आणि तरी केलं. याची लाज वाटते.

नणंदेला सांगितलं, जुनं गणित परत घाल. ती म्हणाली, "सात नंबर पुन्हा लाल होईल. पुन्हा हसतील."

"हसू देत. दात त्यांचे आहेत."

२३ डिसेंबर

सात नंबरला दुसरा ठिपका. आबा फळ्यापाशी बराच वेळ उभे होते. मी म्हटलं, "आबा, यात तुमचा काही दोष नाही, बॅटरीचं वय झालंय." ते म्हणाले, "वय सगळ्यांचंच होतं. चालतेय ना गाडी?"

"चालतेय."

"मग झालं तर."

आणि निघून गेले. आज पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे न बघता बोलणं संपवलं.

४ जानेवारी

पाणी साचून गाड्या धुण्याची जागा निसरडी झालीय. आज पहाटे आबा तिथे घसरले आणि घोटा मुरगळला. पट्टी बांधून घरी पाठवलं, आठवडाभर पाय टेकायचा नाही. एवढ्या पहाटे तिथे काय करत होते विचारलं, तर म्हणाले, "गाडी धूत होतो." गाडी तर कोरडी होती. पायाच्या कळा सुटल्या होत्या त्यांना, म्हणून जास्त विचारलं नाही. तिथे पाण्याच्या टाकीमागे विजेचा प्लगपॉइंट आहे, ओल्या जमिनीत कोणाला शॉक बसला तर? झाकण लावून घेतलं पाहिजे.

जाताना माझा हात धरून म्हणाले, "सात नंबर कोणाला देऊ नका. मी येईपर्यंत उभी ठेवा." ड्रायव्हर लोकांचा जीव असतो गाडीवर.

साहेब म्हणाले, गाडी उभी ठेवणं परवडणार नाही. राखीवमधला एकजण बसवला.

५ जानेवारी

सात नंबर सकाळी १२.१. काल १२.६ होती. डबा सैल झाला असेल. टर्मिनल घट्ट केलं.

६ जानेवारी

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

सकाळी सात नंबर ११.८. डबा बिघडला म्हणून हातातला मीटर लावला, ११.८. दुसरा मीटर आणला, ११.८. दोन महिने जी बॅटरी मला खोटं पाडत होती ती दोन दिवसांत बसली होती. फोनवर आकडा आला होता, शून्य.

तेवढ्यात कॉल आला. घरी एक बाई, छातीत दुखतंय. फाटकाजवळ सात नंबर उभी होती. राखीव ड्रायव्हर चढला, सेल्फ मारला आणि गाडी चालू झाली. कण्हली, पण झाली. मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले.

"ही जाणार नाही. नऊ नंबर पाठवा."

साहेब धावत आले. "चालू आहे की गाडी! बाजूला व्हा. एक मिनिट म्हणजे काय हे कळतं ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला चाळीस मिनिटं म्हणजे काय तेही कळतं." माझा आवाज चिरकला होता. "आधी नऊ नंबर जाऊ द्या. मग मी चुकले असेन तर डबे आत्ताच काढते."

नऊ नंबरचा ड्रायव्हर आमचं भांडण ऐकत थांबला नव्हता. त्याची गाडी फाटकाबाहेर पडलीसुद्धा. साहेब लालबुंद झाले. म्हणाले, "दाखवा आता."

मी राखीव ड्रायव्हरला म्हटलं, "त्या बाईंच्या दारात जसं करशील तसं कर. इंजिन बंद. आतले दिवे लाव, यंत्र लाव. वीस मिनिटं." आम्ही सगळे तिथे उभे. साहेब घड्याळ बघत होते, मी जमिनीकडे. वीस मिनिटं वाट बघायला लागलीच नाही. बाराव्या मिनिटाला आतले दिवे पिवळे पडले. साहेब स्वतः आत चढले आणि चावी फिरवली.

टिक. टिक. टिक.

तो आवाज मी सप्टेंबरात ऐकला नव्हता. फक्त मनात ऐकत आले होते. मी गाडीमागे जाऊन रडले.

नऊ नंबरने बाईंना वेळेत पोचवलं. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना यातलं काही ठाऊक नाही. कशाला हवंय ठाऊक?

७ जानेवारी

साहेबांनी "डबे राहू द्या" एवढंच सांगितलं. त्यांच्याकडून हे खूप झालं. आणि सात नंबरपुढे तिसरा ठिपका काढायला लावला.

मला मात्र चैन नाही. बरोबर ठरले, पण का बरोबर ठरले ते कळत नाही. दोन महिने ठणठणीत आणि दोन दिवसांत खलास, अशी कुठलीच बॅटरी मरत नाही. नणंद म्हणते, "दोन दिवसांपूर्वी काय बदललं ते बघ."

काय बदललं? गाडी तीच, जागा तीच, थंडी तीच.

उद्या आबांना बघून येते. फळं न्यायची आहेत.

८ जानेवारी

आबा पाय उशीवर ठेवून बसले होते. मी सात नंबरचं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. काकूंना म्हणाले, "ती वही आण."

साधी शाळेची वही. पहिलं पान, ९ नोव्हेंबर: "५.२० लावली, ६.०० काढली." त्याखाली रोज एक ओळ. टाकीमागच्या प्लगपॉइंटला स्वतःचा जुना चार्जर लावून ते रोज पहाटे बॅटरी भरत होते. मी सातला येऊन १२.६ लिहायची आणि त्यांची टर्मिनल चकचकीत म्हणून कौतुक करायची! नणंद पेन चावत म्हणाली होती, मधे काहीतरी होतंय. काकूंनी तर भाजीच्या दुकानात सांगितलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

मला संताप आला. पाय दुखतोय वगैरे काही बघितलं नाही. "आबा, त्या गाडीत माणूस असता आणि ती दारात बंद पडली असती तर?"

"पडली नसती. मी रोज भरत होतो."

"परवा तुम्ही नव्हता."

ते हळूच म्हणाले, "म्हणून सांगितलं होतं कोणाला देऊ नका."

"मग का नाही सांगितलंत मला? मला!"

"तू ठिपका गाडीला काढत होतीस, पोरी. पण नाव माझं होतं फळ्यावर. अकरा महिने बाकावर बसून निवृत्त व्हायचं? सगळे येता-जाता बघणार." त्यांनी डोळे पुसले. "चुकलं माझं. फार चुकलं."

'आराम आहे की आबा' असं मीच म्हटलं होतं. साहेबांच्या त्या नियमाने मला बरंही वाटलं होतं.

घरी येऊन वही पुन्हा वाचली. नोव्हेंबरात चाळीस मिनिटं भरलं की पुरत होतं. डिसेंबरच्या मध्याला सव्वा तास. ३ जानेवारीला, "४.५५ लावली, ६.५० काढली, तरी आवाज बरा नाही." बॅटरी कशी मरत होती ते त्यांनी दिवसागणिक लिहून ठेवलंय. माझ्या बारा डब्यांपैकी एकातही हे नाही.

९ जानेवारी

साहेबांच्या खोलीत पाऊण तास. मी मागितलं ते हे: फळ्यावरून ड्रायव्हरांची नावं पुसायची. ठिपका आला की त्याच दिवशी बॅटरी बदलायची, गाडी जुनी असो की नवी. बॅटरीपायी कोणी बाकावर बसणार नाही.

"आणि आबांनी आपल्याला फसवलं त्याचं काय?" साहेब म्हणाले.

"त्यांना मी बोलायचं ते बोललेय. पण शिक्षा दिलीत तर पुढचा माणूस वहीसुद्धा लिहिणार नाही. साहेब, ते नुसते भीत नव्हते. आपल्या फळ्याला भीत होते. लोक लपवायला लागले की डबा काय सांगणार, कपाळ?"

साहेब खिडकीतून सात नंबरकडे बघत राहिले. तीन दिवसांपूर्वी चावी त्यांनीच फिरवली होती. "करा," म्हणाले.

१२ जानेवारी

नवा फळा. गाडी, आकडा, आणि एक नवा रकाना: 'बॅटरीला कोणी काय केलं?' सगळ्यांना जमवून सांगितलं, लिहा, कोणाला काही होणार नाही. मग तीन नंबरवाला पुढे आला आणि मान खाजवत म्हणाला, "ताई, मी दोनदा ढकलून चालू केली. लिहू का?" त्याच्यामागून आठ नंबरवाला: भावाच्या ट्रकच्या बॅटरीला जम्परच्या तारा जोडून चालू केली. मग सहा. मग अकरा. आबा धरून पाचजण झाले! त्या दिवशी एकमेकांकडे बघून का हसले ते आज कळलं.

म्हणजे सत्तर दिवस जे आकडे जमवले त्यातले निम्मे कचरा. नणंदेला फोन केला.

"वहिनी, गणित पुन्हा पहिल्यापासून?"

"पुन्हा पहिल्यापासून."

"बरं," ती म्हणाली, "या वेळी त्या आबांना आधी विचारू."

१६ जानेवारी

आबा आले, थोडे लंगडत. सात नंबरला नवी बॅटरी मीच बसवली होती. त्यांनी बॉनेट उघडलं, आत बघितलं, डब्यावरून बोट फिरवलं. मी त्यांच्या हातात मीटर दिला. म्हटलं, उद्यापासून सकाळचे बाराही आकडे तुम्ही घ्यायचे. पण सातला यायचं, पाचला नाही, काकूंच्या हातचा चहा घेऊन.

१७ जानेवारी

आज मी मुद्दाम साडेसातला गेले. बाराही आकडे लिहून झाले होते, मोठ्या, सावकाश अक्षरात. सात नंबरपुढे आबांनी लिहिलं होतं: १२.७. आणि शेजारच्या रकान्यात, "कोणी काही केलेलं नाही."